झांबियातली कोंकोला तांब्याची खाण: भाच्याला ऑफर आलीय, कुणाला माहिती हाय का?

शिरोलीकर_मामा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. माझा भाचा, गडहिंग्लजचा, डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोली एमआयडीसीत पंप मेंटेनन्सला हाय. मोठे मल्टिस्टेज पंप उघडणं, अलाईनमेंट, बेअरिंग, सील, सगळं डोळे झाकून करतंय पोरगं. त्याला एका कॉन्ट्रॅक्टरकडनं झांबियाची ऑफर आलीय. चिलिलाबोम्बवे म्हणून गाव हाय (नाव लिहायलाच तीनदा खोडलं), तिथं कोंकोला नावाची तांब्याची खाण, आणि काम काय तर जमिनीखालच्या पंप चेंबरला फिटर. पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं त्यांचं.

आता ताई रोज रडतीय, दाजी म्हणतात जाऊ दे की पोराला, आणि निकाल द्यायला मला मध्ये बसवलंय कारण "तू नेटवर बघतोस की सारखं". तर नेटवर बघितलं तर एका ठिकाणी वेदांताची खाण लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी सरकारनं काढून घेतली, तिसऱ्या ठिकाणी परत दिली. मग हाय कुणाची नक्की? इथली बरी चाललेली नोकरी सोडून जायचं आणि तिकडं खाणच बंद पडली तर काय करायचं? आणि एक अडाणी प्रश्न, तांब्याच्या खाणीत तांबं काढायचं सोडून एवढे पंप कशाला लागतात?

चिंगोला_रिटर्न

मामा, मी होतो त्या भागात काही वर्षं. कोंकोलात नव्हे, शेजारी चिंगोलाला, स्मेल्टरच्या (तांबं वितळवायच्या कारखान्याच्या) साईडला, पण कंपनी एकच, कोंकोला कॉपर माईन्स, तिकडं सगळे केसीएम म्हणतात. चिलिलाबोम्बवेला कामासाठी जाणं-येणं असायचं, गाडीनं अर्धा तास. तिथनं पुढं थोड्याच अंतरावर कासुम्बालेसा, म्हणजे काँगोची बॉर्डर, आणि त्या रस्त्यावर ट्रकांची जी लाईन लागती ती बघितल्याशिवाय खरी वाटत नाही, ड्रायव्हर लोकं ट्रकखालीच चूल मांडून बसलेली असतात.

तुमचा प्रश्न अडाणी अजिबात नाही, खरा प्रश्नच तो आहे. कोंकोला ही जगातल्या सगळ्यात ओल्या खाणींपैकी एक. तांब्याच्या थराच्या वर-खाली पाण्यानं भरलेले खडकाचे थर, आणि जवळनं काफुए नदी जाती. जेवढं खोल जाल तेवढं पाणी आत येतंय. दिवसाला तीन लाख घनमीटरच्या वर पाणी उपसतात, म्हणजे तीस कोटी लिटर. आपल्या अख्ख्या कोल्हापूर शहराला रोज जेवढं पाणी सोडतात त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि ते सगळं जमिनीखालनं वर आणायचं. एक टन दगड वर काढायचा तर त्याच्या कितीतरी पट पाणी वर काढायला लागतंय. त्यामुळं तिथं पंप हे साईडचं खातं नाही, पंप चालू तर खाण चालू.

खाली जायचं म्हणजे केजमधनं, मोठी दोनमजली लिफ्ट समजा, खचाखच माणसं, गमबूट, हेल्मेटवर दिवा, कमरेला सेल्फ रेस्क्यूअरचा डबा, धूर-वायू झाला तर श्वास घ्यायला. चौथा शाफ्ट, म्हणजे खाली जायची उभी विहीर, जवळजवळ दीड किलोमीटर खोल आहे. खाली गेलं की उकाडा आणि दमटपणा असा की चष्मा पुसूनच घ्यावा लागतोय सारखा. पण पंप चेंबर वेगळंच, मोठा हॉल, भिंतींना पांढरा रंग, लख्ख उजेड, एका लाईनीत पंप आणि आवाज असा की सगळं बोलणं हातवाऱ्यानं. पाणी थेट पंपाला देत नाहीत, आधी मोठ्या टाक्यांत गाळ बसवतात, कारण गाळ आत गेला की इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, खलास. तो गाळ काढायचा वेगळा पंप, आणि सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच. भाच्याला विचारा, शंभर बारच्या लाईनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह दणकन बसला तर काय होतंय, त्यावरनं कळेल तयारी किती आहे ते.

बाकी खाणीचं सांगायचं तर दगड चांगला आहे. जगात बऱ्याच खाणी एक टक्क्याच्या आतल्या तांब्यावर चालतात, इथं तीन टक्क्यांच्या वर लागतंय. तो दगड खाली फोडून स्किपनं (दगड ओढायच्या मोठ्या डब्यानं) वर आणतात, क्रशर, मग मिलमध्ये पिठासारखा दळतात, मग फ्लोटेशन. पाणी, चुना आणि झँथेट नावाचं केमिकल घालून खालनं हवा सोडली की तांब्याचे कण बुडबुड्याला चिकटून फेसात वर येतात आणि माती खाली राहती. पहिल्यांदा बघताना माणूस खुळ्यागत बघत उभा राहतोय, काळपट चमकणारा फेस कडेवरनं सांडत असतोय आणि तोच माल. तो वाळवून ट्रकनं आमच्याकडं चिंगोलाला स्मेल्टरला. तिथं फ्लॅश फर्नेस, २००८ ला बसवलेला. गंधक जळून जो वायू निघतो त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, आणि ते ॲसिड वाया जात नाही, जुन्या टाकाऊ मातीतनं राहिलेलं तांबं विरघळवून काढायला तेच वापरतात. शेवटचं शुद्धीकरण किटवेला न्काना रिफायनरीत, तिथनं ९९.९९ टक्क्याच्या कॅथोडच्या प्लेटा बाहेर पडतात.

आणि खाण बंद पडली तर काय म्हणालात ना. बंद पडली तरी पंप बंद करता येत नाहीत. केले तर खाली सगळं बुडालं, परत उघडायला काही वर्षं आणि पैसा किती त्याला हिशोब नाही. म्हणजे सगळ्यात शेवटी ज्याची नोकरी जाईल तो पंपवाला. हे ताईंना सांगा.

रंकाळा_संध्याकाळ

लई भारी लिहिलंय भावा. पण मुख्य मुद्दा राहिलाच, तिकडं जेवायला काय मिळतंय? कोल्हापूरच्या पोराला तांब्याच्या खाणीत पाठवताय खरं, पण तांबडा रस्सा?

चिंगोला_रिटर्न

@रंकाळा मक्याच्या पिठाचा घट्ट उकड असतोय, न्शिमा म्हणतात, हातानं गोळा करून भाजीबरोबर किंवा मटणाबरोबर खायचा. भाकरीवर वाढलेल्या माणसाला आठवड्यात सवय होती. मटण बकऱ्याचं चांगलं मिळतं, मसाला मात्र बॅगेत न्यायचा, कांदालसूण चटणी विसरलात तर ऐकून घ्यायला मी नाही.

जुना_राजारामियन

मालकीचा गुंता मामांनी विचारलाय, तो समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागेल. मी इतिहास शिकवत होतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

हा सगळा मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीच्या ताब्यात होता. पुढे १९२४ ला राज्यकारभार ब्रिटिश सरकारकडे गेला, पण खनिजावरचा हक्क कंपनीनं सोडला नाही, म्हणजे तांबं कुणीही काढा, रॉयल्टी लंडनला. मोठ्या खाणी १९२० च्या दशकाच्या शेवटाला आणि तीसमध्ये उभ्या राहिल्या, लुआन्श्या, न्काना, मुफुलिरा, न्चांगा. कसबी कामं फक्त गोऱ्यांना, तेच काम आफ्रिकन माणसानं केलं तरी पगार त्याच्या कितीतरी खाली. १९३५ ला कर वाढवला म्हणून संप झाला, लुआन्श्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार गेले. १९४० ला पुन्हा संप, न्कानाला पुन्हा गोळीबार, सतरा मेले. इचलकरंजीच्या गिरणीकामगारांचे मोर्चे बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तुमची कोंकोला त्यामानानं नवी. तिचं जुनं नाव बॅन्क्रॉफ्ट, एका भूगर्भतज्ज्ञाच्या नावावरून. १९५७ ला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बंद करावी लागली, तांब्याचा भाव पडला होता आणि पाणी तर होतंच. १९५९ ला परत चालू. म्हणजे भाव आणि पाणी ही दुखणी जन्मापासूनची आहेत.

१९६४ ला स्वातंत्र्य, केनेथ काउंडा अध्यक्ष. ती रॉयल्टी कंपनीकडून सोडवून घ्यायची होती आणि कंपनी मागत होती भरमसाट. शेवटी स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर, लुसाकात गव्हर्नमेंट हाऊसच्या बागेत चहापार्टी चालू असताना तंबूच्या मागे उभ्या उभ्या सौदा ठरला, चाळीस लाख पौंड, अर्धे ब्रिटननं द्यायचे अर्धे झांबियानं. सत्तर वर्षं लंडनच्या कंपनीनं जो धरून ठेवला तो हक्क असा सुटला, मला तरी हे वाचताना राग आणि हसू दोन्ही येतं.

मग १९६९ ला काउंडांनी खाणींचे ५१ टक्के सरकारकडे घेतले. त्याच वर्षी उत्पादन सात लाख टनांच्या वर होतं, ते पुढे कित्येक वर्षं गाठता आलं नाही. त्यात दक्षिणेला ऱ्होडेशियातल्या (आताचा झिंबाब्वे) गोऱ्यांच्या राजवटीशी भांडण, माल बाहेर न्यायचा रस्ता बंद, म्हणून चीनच्या मदतीनं दार-एस-सलामपर्यंत १८६० किलोमीटर रेल्वे टाकली. ती हातात येते तोवर १९७५ ला तांब्याचा भाव कोसळलेला, तेल महाग झालेलं, आणि देशाची जवळपास सगळी परदेशी कमाई तांब्यावर. कर्ज काढून पगार चालू ठेवले पण नव्या मशिनरीला पैसा उरला नाही. १९८२ ला सगळ्या खाणी एकत्र करून झेडसीसीएम नावाची सरकारी कंपनी केली. शाळा, दवाखाने, गावातला कचरा, फुटबॉल क्लब सगळं तीच बघायची. २००० पर्यंत उत्पादन अडीच लाख टनांवर आलं आणि कर्ज देणाऱ्यांच्या दबावाखाली खाणी विकल्या.

आता तुमची खाण. २००० ला अँग्लो अमेरिकननं घेतली आणि २००२ ला अंग काढून घेतलं, कारण तांबं टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास लोळत होतं. २००४ ला वेदांतानं ५१ टक्के घेतले, सगळं मिळून पाच कोटी डॉलरच्याही आत. आणि लगेच चीनच्या मागणीनं भाव जो उसळला तो २००६ मध्ये आठ हजारांच्या वर. अँग्लोवाल्यांनी चार वर्षं कळ काढली असती तर! २००८ ला वेदांताचा वाटा ७९.४ टक्के झाला, बाकी झांबिया सरकारच्या कंपनीकडे. २०१४ ला वेदांताचे प्रमुख अनिल अग्रवाल यांच्या बेंगळुरूतल्या भाषणाची क्लिप तिकडं पोचली, स्वस्तात खाण घेतली आणि दरवर्षी पन्नास कोटी डॉलर कमावतोय अशा अर्थाचं, त्यावरून तिथं जो संताप उसळला तो साहजिकच होता, कारण तिकडे कंपनी सरकारला तोटा दाखवत होती. मे २०१९ ला सरकारनं गुंतवणुकीचा शब्द पाळला नाही म्हणून कंपनी लिक्विडेटरच्या, म्हणजे कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाती दिली. कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकार बदललं, हिचिलेमा अध्यक्ष झाले, आणि २०२४ ला ताबा परत वेदांताकडे, पाच वर्षांत शंभर कोटी डॉलर घालायच्या बोलीवर.

तर मामा, आज मालक वेदांता, सोबत सरकारचा वाटा. दहा वर्षांनी कोण असेल ते कुणी सांगू नये.

उद्यमनगर_रिवाइंडिंग

सरांनी भावाचं लिहिलंय त्यावर आमचं पोट आहे म्हणून घुसतोय. आमच्याकडं शेतीपंपाच्या मोटारी भरायला येतात, तांब्याच्या तारेचा किलोचा भाव सांगितला की शेतकरी आधी माझ्याकडं बघतोय, मग मोटारीकडं, मग म्हणतो ॲल्युमिनियमची भर की. लंडनचा भाव २०२४ च्या मे मध्ये टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला तेव्हापासनं असंच चाललंय. त्यात २०१८ ला तुतीकोरिनचा तांब्याचा कारखाना बंद झाल्यावर आपण बाहेरनंच जास्त आणतोय. आपल्या मलांजखंड, खेत्रीच्या खाणी देशाला पुरतील एवढ्या न्हाईतच. त्यामुळं झांबियात काय चाललंय ते उद्यमनगरात पण लागू पडतंय.

पण मला खरी काळजी लाईटची. हिशोब मांडून बघितला, तीन लाख टन पाणी दिवसाला, सरासरी नऊशे मीटर हेड (उचलायची उंची) धरा, तर नुसतं उचलायलाच तीस मेगावॅट. पंप, मोटर, पाईपमधलं लॉस धरलं की चाळीसच्या पुढं. रात्रंदिवस, सणवार न्हाई, एक तास सुट्टी न्हाई. आणि तिकडची वीज बहुतेक धरणावरची, करिबा वगैरे, बरोबर का? २०२४ ला तिथं दुष्काळ पडला तेव्हा घरातली लाईट दिवस दिवस गायब होती असं वाचलंय. आपल्याकडं २०१९ च्या पुरात शिंगणापूरचं पंपिंग स्टेशन बुडालं तर शहराला टँकरनं पाणी, इथं तर माणसं खाली असताना लाईट गेली तर?

चिंगोला_रिटर्न

हिशोब एकदम बरोबर लावलास भावा. करिबा १९५९ चं, बांधायचं एक मोठं कारणच कॉपरबेल्ट, म्हणजे हा तांब्याच्या खाणींचा पट्टा. म्हणूनच खाणींना वेगळी लाईन, घरांची लाईट आधी तोडतात, खाणीची शेवटी, त्यावर गावातली लोकं चिडलेली असतात आणि त्यांचं चूक काय. लाईट गेली तर आधी माणसं वर काढायची, केज आणि ठरलेले पंप यांना जनरेटर. पाणी लगेच गळ्यापर्यंत येत नाही, खाली साठवायला जागा ठेवलेली असती, ती भरायच्या आत लाईट यायला पाहिजे एवढंच. त्या वेळात कंट्रोल रूममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही.

पंचगंगा_घाट

सगळे पगार आणि पंपाचं बोलालाय, नदीचं कोण बोलणार? ते तीस कोटी लिटर पाणी जातंय कुठं, काफुएतच ना? चिंगोल्याच्या खाणीचं घाण पाणी ओढ्यात आणि नदीत सोडलं म्हणून १८२६ गावकऱ्यांनी थेट लंडनला वेदांतावर केस टाकली. कंपनी म्हणाली झांबियात लढा. एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लंडनलाच चालवता येईल. २०२१ ला तडजोड झाली, कंपनीनं चूक कबूल न करता. आणि हे एका कंपनीचं न्हाई, फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीला चिनी कंपनीचा ॲसिडच्या गाळाचा बंधारा फुटला, किटवे शहराचं पाणी बंद करावं लागलं, मासे मरून तरंगले. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच बघणाऱ्या आपल्या गावानं तरी हे सोडून बोलू नये.

आणि मुफुलिरा, १९७० चा सप्टेंबर. वर साठवलेला गाळच खाली खाणीत घुसला, रात्रपाळीतली ८९ माणसं गेली.

चिंगोला_रिटर्न

बरोबर बोलालास, मी नदी धुतल्या तांदळासारखी आहे असं म्हणणार नाही, चिंगोल्याच्या खालच्या अंगाच्या गावात बोअरचं पाणी पिऊ नका असं आम्हालाच सांगायचे. फक्त एक फरक सांगतो, कोंकोलातनं उपसलेलं सगळंच पाणी विषारी नसतं, बरंचसं जमिनीतलं स्वच्छ पाणी असतं, गाळ बसवून सोडलं तर. धोका प्लांट आणि टेलिंगच्या (तांबं काढून उरलेल्या गाळाच्या) बंधाऱ्याकडनं.

आणि अजून एक बाजू. न्चांगाचा ओपन पिट जाऊन बघा, जवळपास चारशे मीटर खोल खड्डा, कडेला उभं राहिलं की खालचे डंपर खेळण्यातले वाटतात. त्याच्या आजूबाजूच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर बेकार पोरं हातानं तांबं शोधतात. २०२३ च्या शेवटाला पावसात चिंगोलात असाच ढिगारा बसला, तीसेक माणसं गाडली गेली. भाच्याला सांगा, सुट्टीच्या दिवशी कुणी "चल दाखवतो" म्हणालं तरी तिकडं फिरकायचं नाही.

शिरोलीकर_मामा

मंडळी, एवढं डिटेल कुठंच मिळालं नसतं, खरंच. दाजींना सगळं वाचून दाखवलं, ते पंपवाल्याची नोकरी शेवटी जाती त्या वाक्यावर लई खूश. आता ऑफर लेटर नीट बघितलं तर त्यात खाणीचं नाव फक्त "साईट" म्हणून हाय, नोकरी देणारी कंपनी वेगळीच, तिचा पत्ता दुबईचा, आणि व्हिसा "आल्यावर बघू" असं एजंट म्हणतोय. हे चालतंय का?

चिंगोला_रिटर्न

मामा, इथं थांबा. खाण शंभर टक्के खरी आहे, पण तुमचा करार खाणीशी नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या कॉन्ट्रॅक्टरशी आहे. मला ज्यानं नेलं होतं त्यानं शेवटचे पगार लटकवले, नाव घेत नाही, तेव्हा खाणीच्या ऑफिसमध्ये गेलो तर ते म्हणाले तुम्ही आमच्या रोलवर नाही. आणि ते बरोबरच होतं.

एम्प्लॉयमेंट परमिट इथं असताना हातात आलं पाहिजे. व्हिजिटवर जाऊन काम करायचं नाही, पकडला तर दंड आणि घरी, एजंट फोन उचलणार नाही. पगार कुठल्या खात्यात, परतीचं तिकीट कुणाचं, करार मध्येच तुटला तर काय, हे लेखी. आणि एक सोपी परीक्षा, त्याला विचारा की किटवेची मेडिकल कधी आहे. जमिनीखाली जाणाऱ्या प्रत्येकाला तिथं छातीचा एक्सरे काढून सर्टिफिकेट घ्यावं लागतंय, सिलिकोसिससाठी (दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार), त्याशिवाय केजमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. खरंच माणसं पाठवणाऱ्याला हे पाठ असतंय. गोंधळला तर समजून जा. मलेरियाचं पण विचारा.

उद्यमनगर_रिवाइंडिंग

आणि मामा, पोराला म्हणावं पंपाचा मेक, स्टेज किती, मोटर किती व्होल्टची हे पण मागून घे ईमेलवर. ज्याच्याकडं खरं काम हाय तो डेटाशीट पाठवतोय. ३.३ केव्ही का ६.६ तेवढं मला पण कळवा.

शिरोलीकर_मामा

पोरानं आत्ताच मेल टाकलाय, मेडिकल, परमिट आणि डेटाशीट तिन्ही मागून. एजंटचा लगेच फोन आला, एवढं कशाला विचारताय म्हणून. दाजी आता जरा गप्प हायत. उत्तर आलं की इथंच टाकतो.